साडेपाच म्हणजे साडेपाच

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. तुझा लांबलचक मेसेज वाचला. फोनच करणार होतो, पण फोनवर तू नुसता ‘हो काका, हो काका’ म्हणतोस आणि ठेवतोस. म्हणून लिहितो.

परीक्षा संपली की चौघांनी रत्नागिरीला मित्राच्या मामाकडे महिनाभर राहायचं आणि रोज पहाटे भाट्याच्या किनाऱ्यावर व्यायाम करायचा, हा बेत मला आवडला होता. आठवड्यात त्याची काय दशा झाली तेही तू लिहिलंस. एक जण उठतच नाही. दुसरा उठतो, पण स्पीकर आणि मोबाइलचा स्टँड घेऊन येतो. तिसऱ्याने पहिल्या दिवशी इरेला पेटून शंभर दंड मारले आणि आता त्याला शर्ट घालतानाही कुणीतरी लागतं. तू एकटा निघालास तर ‘लई शहाणा झालास का बे’ म्हणतात, आणि थांबलास तर तुझा दिवस बुडतो. मग काय करू, असं विचारतोस.

यात विचारायचं काय आहे? साडेपाच ठरले होते ना? मग साडेपाचला वाळूवर उभा राहा. कोण आलं, कोण नाही, ते मोजू नको.

चिडलो नाही. व्यायाम किती चांगला, मैत्री किती मोलाची, हे तुला सांगत बसणार नाही. तुझ्या घरात ते तुला लहानपणापासून ऐकायला मिळालंय, आणि ते माहीत असूनही माणसं झोपून राहतात. तेव्हा कामाचं बोलू.

रात्री ग्रुपवर ‘उद्या कोण कोण येणार’ हा प्रश्न टाकतोस ना, तो आजपासून बंद. प्रश्न विचारला की समोरच्याला ‘बघू’ म्हणायला जागा मिळते. एक ‘बघू’ म्हणाला की बाकीच्या दोघांना सुटल्यासारखं वाटतं. तू फक्त जा. कुणी दहा मिनिटं उशिरा आला तर जे चालू असेल त्यात त्याला घ्यायचं, त्याच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं नाही. टोमणा मारायचा नाही, घड्याळ दाखवायचं नाही. आणि हो, स्पीकरवाल्याशी भांडू नको. तो निदान येतो.

‘अंधार असतो’ ही तक्रार खरी आहे, पण ती तेवढ्यापुरतीच. रत्नागिरीला सूर्य आपल्या सोलापूरपेक्षा दहा-एक मिनिटं उशिरा उगवतो, शिवाय पूर्वेला डोंगर. तेवढा वेळ सांधे मोकळे करा, मग पळा.

आता तुझ्या मेसेजमधल्या खऱ्या अडचणीकडे येतो, जी तू सगळ्यात शेवटी घाईत लिहिलीस. भरतीची वेळ रोज बदलते, कधी पळायला वाळूच उरत नाही, म्हणून तुम्ही व्यायामाची वेळ रोज नवी ठरवायला लागलात. तिथंच सगळं बिघडलं, पोरा! मित्रांच्या झोपेने नाही बिघडलं. ज्याची वेळ रोज बदलते ते काम पाचव्या दिवशी कुणाचंच राहत नाही.

माझी बदलीची काही वर्षं रत्नागिरीत गेली. खाडीकाठच्या एका म्हाताऱ्या खलाशाने मला शिकवलेला हिशेब सांगतो. तिथीची पाऊणपट करायची, की साधारण पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पाणी पूर्ण वर. साधारण सहा तासांनी ओहोटी, मग पुन्हा भरती. दिवसागणिक हे चक्र पाऊण तास ते पन्नास मिनिटं पुढे सरकतं. हिशेब ढोबळ आहे, पण पळायला पुरतो.

यातून काय निघतं बघ. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पूर्ण भरती दुपारी बाराच्या आगेमागे, म्हणजे पहाटे ओहोटी. साडेपाचला तुमच्यासमोर ओल्या, घट्ट वाळूचा रुंद पट्टा पडलेला असतो. ते पळायचे दिवस. अष्टमीच्या आसपास आठची पाऊणपट सहा, म्हणजे नेमकं तुमच्या वेळेला पाणी चढलेलं. तेव्हा भांगाची भरती असते, उधाणासारखी फार वर येत नाही, पण पट्टा अरुंद होतो. ते दिवस वर सुरूच्या झाडांजवळ दंड-बैठका, जोर आणि सूर्यनमस्कारांचे. व्यायाम बदला, हवा तेवढा बदला. वेळ बदलायची नाही. साडेपाच म्हणजे साडेपाच.

कोरड्या मऊ वाळूत पळण्याची हौस जपून करा. टणक जमिनीपेक्षा तिथे सुमारे १.६ पट ऊर्जा लागते, बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९८ साली मोजून छापलेलं आहे. पाय रुततो, टाच खाली जाते, पोटऱ्या आणि टाचेमागची शीर ओढली जाते. त्यामुळे कोरड्या वाळूत थोड्याच झेपा, बाकी सगळं ओल्यावर. तुमच्यातला जो पोलीस भरतीचं म्हणतोय त्याला सांग, तिथे १६०० मीटर टणक मैदानावर पळायचे असतात, वाळूतली वेळ घड्याळात बघून तोंड पाडू नको. आणखी एक. किनारा समुद्राकडे उतरता असतो, एक पाय सतत खाली पडतो. जेवढं जाल तेवढंच त्याच वाटेने परत या.

घामाचं तुम्हा सोलापूरकरांना कळतच नाही. (मलाही तिकडे गेल्यावरच कळलं.) आपण ४३ अंशांत वाढलेलो, आपल्याला वाटतं ३३ म्हणजे काय, गारवाच. पण आपल्याकडची हवा कोरडी, घाम निघतो तसा उडतो आणि अंग थंड करतो. तिकडे हवेतच पाणी, घाम अंगावरच राहतो, उतरत जातो आणि थंडावा काही मिळत नाही. शरीराला सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर निम्म्यावर ठेवा. पाणी आधी प्या, नंतर लिंबू-मीठ-साखर घालून. मामींकडे कोकम असेलच. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आईने दिलीय ती व्यायामानंतर खा, रात्री दोनला गप्पा मारत संपवू नका.

आता मित्रांचं. तुला भीती वाटते की एकटा जात राहिलास तर मित्र तुटतील. तुटत नाहीत असं मी म्हणणार नाही.

आम्ही सोलापूरच्या पार्क मैदानावर जमायचो ते गिरणीच्या भोंग्यावर. भोंगा झाला की निघायचं, कुणी कुणाला हाक मारायची नाही. गिरण्या बंद पडल्या, भोंगा गेला. मग ‘सहाला जमू’, ‘साडेसहाला जमू’, ‘रविवारी जमू’ असं सुरू झालं. मी जुन्याच वेळेला जात राहिलो. माझा सगळ्यात जवळचा मित्र म्हणाला, अर्धा तास मागे सरकलास तर तुझं काय जातं? मी सरकलो नाही. तो येईनासा झाला. त्याच्या घरावरूनच माझी वाट जायची, पण मी दार वाजवलं नाही, कारण बोलवायला जायचं नाही हे आमचं सगळ्यांचंच ठरलेलं होतं. आता नव्या पेठेत भेट होते, चहा होतो, गुडघ्यांबद्दल बोलतो. पहाटेचा विषय दोघंही काढत नाही.

तुझी काकू म्हणते, एकदा दार वाजवलं असतं तर काय बिघडलं असतं. तिचं म्हणणं मी ऐकून घेतो. पण मी अर्धा तास सरकलो असतो तर पुढच्या महिन्यात आणखी अर्धा तास, आणि वर्षभरात मीही त्याच्यासारखा गॅलरीत पेपर वाचत बसलो असतो. लोक मला हेकट म्हणतात. म्हणू देत. माझ्या वयाच्या किती जणांना अजून खाली बसून हात न टेकता उठता येतं, ते त्यांनी मोजावं.

कुठून कुठे आलो. तुला सांगत होतो की तुझ्या मित्रांना हाक मारायची की नाही ते तू ठरव. तुझी मैत्री आहे, माझी नाही. एकदा दार वाजवून ‘मी निघालोय’ एवढं म्हणालास तर मला राग येणार नाही. फक्त म्हणून झाल्यावर तिथे उभा राहू नको. चप्पल घाल आणि चालू लाग.

पाण्याचं शेवटी, पण हे नीट वाच. भाट्याला नदीचं मुख लागूनच आहे. ओहोटीला तिथलं पाणी आत ओढतं, तेव्हा घामाघूम झालात म्हणून त्या बाजूला उतरू नका. गुडघ्याच्या वर नाहीच. सोलापूरला विहिरीत पोहणं वेगळं. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारीही बंद असते. त्याआधीच परतीची तिकिटं काढा, मेच्या शेवटी आंबा घाटात गर्दी असते. आणि आईला फोन कर. तू तिला करत नाहीस, म्हणून ती मला करते.

तुझा,
काका