लाकडी वाडगा कातायच्या आधी

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

लाकूड फिरवून कातायचं लेथ मशीन घेतलंस, छान. पण वाडगा मशीनवर जेवढा बिघडतो त्याहून जास्त सुकताना बिघडतो, म्हणून आधी लाकडाचंच लिहितो.

वखारीत कोरडा साग मागू नकोस. आंब्याचा किंवा फणसाचा नुकता पाडलेला ओंडका घे. स्वस्त पडतो आणि ओला असताना पटाशीखाली सहज निघतो. तो मधोमध उभा चीर आणि मधला गाभा बोटभर काढून टाक. गाभा वाडग्यात राहिला तर तडा ठरलेलाच, कारण लाकूड वलयांच्या दिशेनं जेवढं आटतं त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आटतं. ओंडक्याच्या दोन्ही टोकांना त्याच दिवशी मेण लाव.

वाडगा दोन फेऱ्यांत कातायचा: आधी ओला असताना जाडसर, मग सुकल्यावर नेमका. पहिल्या फेरीत भिंत व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी ठेव: २० सेंमीच्या वाडग्याला २ सेंमी. पातळ केलीस तर सुकून लंबगोल झालेला वाडगा पुन्हा गोल करायला लाकूड उरत नाही. जाड ठेवलीस तर बाहेरचं आटतं, आतलं ओलंच राहतं आणि काठ फुटतो. तळाला पेन्सिलीनं तारीख नि वजन लिही, कागदी पिशवीत घालून फरशीलगत ठेव. पत्र्याखालच्या माळ्यावर नको, पंख्याखाली तर नकोच. दर आठवड्याला वजन कर.

खरी गोम पावसाळ्याची. कोल्हापुरात जुलैत वजन उतरायचं थांबतं आणि नवख्याला वाटतं, झालं, सुकलं. हवेतच एवढा ओलावा असतो की लाकडातला बाहेर पडत नाही. दिवाळीनंतर तेच वजन पुन्हा घसरतं. म्हणून शेवटची फेरी डिसेंबर ते मार्चमध्येच घे. ऑगस्टमध्ये उरकलेला वाडगा एप्रिलमध्ये गिऱ्हाइकाच्या टेबलावर डुगडुगतो.

दुसऱ्या फेरीत चकात, म्हणजे मशीनच्या फिरत्या जबड्यात, धरायचा भागही लंबगोल झालेला असतो. वाडगा टेलस्टॉकनं, म्हणजे मशीनच्या दुसऱ्या टोकाच्या आधारानं, दाबून आधी तो गोल कर. २० सेंमीला मिनिटाला ८०० ते १००० फेरे पुरेत, पण सुरुवात त्याच्या निम्म्यानं. बाहेरून तळाकडून काठाकडे कात, आतून काठाकडून तळाकडे. प्रत्येक फेऱ्यात दोनदा तंतूंची टोकं पटाशीसमोर येतात, तिथं ते उपटले जातात. तो खडबडीतपणा सॅंडपेपरनं दाबायला जाऊ नकोस, पटाशीला धार लाव. मग १२०, १८०, २४०, ३२० नंबरचा सॅंडपेपर याच क्रमानं. फेसशील्ड आणि मास्क हवेतच. शिसवाचा भुस्सा काहींच्या कातडीला आणि छातीला सोसत नाही.

शेवटी कच्चं जवसाचं तेल, अगदी पातळ थर, जादाचं पुसून. वाळायला बरेच दिवस घेतं, घाई नको. शेंगतेल वाळतच नाही, खवट होतं. आणि जवसतेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नकोस, आपोआप पेट घेतात. एकेक पसरून बाहेर वाळव.

विकताना सोबत चिठ्ठी दे: सुकामेवा, फळं, गुळाचे खडे चालतील, तांबडा रस्सा नको, हळद-तिखटाचा डाग निघत नाही. भिजत ठेवू नका, ओल्या फडक्यानं पुसून सावलीत वाळवा.