फ्रान्समध्ये चीजचे इतके प्रकार का? चाखायला सुरुवात कुठून करावी?

दूध किती मिळतं, कुठल्या ऋतूत मिळतं आणि बाजार किती लांब, यावर तिथलं चीज ठरत गेलं. पूर्व फ्रान्समधल्या जुरा डोंगररांगेतली दोन चीज, कोंते आणि मों-दोर, शेजारी ठेवली की हे लख्ख दिसतं.

कोंतेची एक ढेप साधारण ४० किलोची. तिला जवळजवळ ४०० लिटर दूध लागतं. एका गोठ्यात एवढं जमत नाही, म्हणून गावोगावचे शेतकरी सहकारी चीजघरात दूध घालत आले. साकळलेलं दूध बारीक कापून ५३ अंशांच्या आसपास तापवतात, पाणी सुटतं, मग ढेप निदान चार महिने, बऱ्याचदा वर्षभर मुरते. हिवाळ्यात मात्र दूध कमी होतं. ढेपेपुरतं जमेना, तेव्हा त्याच डोंगरात छोटं, चमच्याने खायचं मों-दोर रुजलं. इतकं मऊ की पसरू नये म्हणून स्प्रूस झाडाच्या सालीची पट्टी बांधतात. आजही ते १५ ऑगस्ट ते १५ मार्च एवढ्याच काळात बनवता येतं.

दक्षिणेकडे आवेरों भागातल्या खडकाळ माळावर मेंढ्या, म्हणून मेंढीच्या दुधाचं रोकफोर. काँबालू डोंगराच्या भेगांतून ते मुरवायच्या गुहांत थंड, दमट हवा खेळते आणि निळी बुरशी त्यावर पोसते. तिला आतही हवा मिळावी म्हणून चीजला सुया टोचतात. ल्वार नदीच्या काठी शेळीचं चीज.

नॉर्मंडीत कामाँबेर. कच्च्या दुधाचा साका न मोडता ओगराळ्याने साच्यात घालतात, किमान पाच थर. साका मोडला तर पाणी जास्त निघून जातं आणि लोण्यासारखा मऊपणा येत नाही. घेताना नुसतं 'कामाँबेर' नको. 'कामाँबेर द नॉर्मांदी' आणि एओपीचा, म्हणजे मूळ प्रदेशाची हमी देणारा, शिक्का पाहा.

सुरुवात वर्षभर मुरलेल्या कोंतेने करा, मग कामाँबेर, रोकफोर शेवटी. आधी रोकफोर खाल्लं तर त्याच्या खारट तिखटपणापुढे बाकीची चव लागणार नाही. खाण्याआधी तासभर फ्रिजबाहेर ठेवा, थंड चीजचा वास दबलेला असतो. कामाँबेर प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका. साल गुदमरते आणि अमोनियाचा भपकारा येतो. त्याच्या मूळ कागदातच ठेवा. कापताना त्रिकोणी फोडी करा, म्हणजे प्रत्येकाला कडेचा आणि मधला, दोन्ही भाग मिळतात.

शाकाहारी असाल तर आधीच सांगतो: वरची कोंते, मों-दोर, रोकफोर आणि कामाँबेर ही चारही चीज वासराकोकरांच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध साकळवणाऱ्या द्रव्याने, बनवलेली असतात. भारतात मिळणाऱ्या शाकाहारी रेनेटच्या चीजवर हिरवा ठिपका असतो, तो बघूनच घ्या.