मिशांवरून कूळ कळत नाही

इंदूरच्या सिरपूर तलावातल्या माशांवर लिहिल्यापासून जी पत्रं आली, ती बहुतेक मिशीवाल्या माशांबद्दल, म्हणजे मार्जारमीनांबद्दल. त्यातली चार इथे घेतो.

प्रश्न : बाजारातला 'थाई मांगूर' आणि आपला मांगूर एकच ना? मग त्याच्यावर बंदी का? (राजेंद्रनगर)

एक नाहीत. दोघं क्लॅरियास याच घराण्यातले, पण जाती निराळ्या. 'थाई' म्हणतात तो मूळचा आफ्रिकेतला, क्लॅरियास गॅरिपायनस. आपला तो क्लॅरियास मागूर. दोघांचीही शास्त्रीय नोंद १८२२ सालची आहे. आपल्या माशाला मात्र पुढे कित्येक वर्षं बॅट्राकस म्हणत राहिले, आणि ते नाव जावा बेटावरच्या माशाचं! २००८ साली ही चूक सुधारली गेली.

आफ्रिकी मासा भलताच खादाड आहे, तलावात सुटला की लहान मासे फस्त करतो. त्याच्या पालनावर भारतात २००० पासून बंदी आहे. मला त्याहून मोठी काळजी संकराची वाटते. संकरित पिल्लू नुसतं बघून ओळखणं अवघड. मायटोकाँड्रिया या पेशीतल्या ऊर्जाघरांमधला डीएनए तपासला तरी फसगत होते, कारण तो फक्त आईकडून येतो. आई देशी असली की पिल्लूही देशीच दिसतं. बापाचा पत्ता हवा तर पेशीकेंद्रातली जनुकंच बघावी लागतात. म्हणून सांगतो, स्वस्त मिळाला तरी तो मासा आपल्या तळ्यात सोडू नका.

प्रश्न : मांगूर आणि सिंघी दोघंही पाण्याबाहेर बराच वेळ जिवंत राहतात. नातेवाईक आहेत का?

हो, अगदी जवळचे. मांगूरच्या कल्ल्यांमागची पोकळी उघडून बघा, पोवळ्याच्या फांद्यांसारखा लाल झुपका दिसेल. हवा घेतो ती त्यानं. सिंघीला झुपका नाही. तिच्या कल्ल्यांपासून दोन लांब पिशव्या पाठीच्या स्नायूंतून शेपटीकडे गेलेल्या असतात. अवयव इतके निराळे, तरी जनुकं म्हणतात दोघं एकाच फांदीवरचे.

प्रश्न : घरच्या टँकमध्ये काच चाटणारा 'सकर' आहे. तोही याच कुळातला? त्याच्या अंगावर तर चिलखत आहे!

कुळातलाच, पण सगळ्यात दूरचा. हा दक्षिण अमेरिकेतला. मार्जारमीनांचं मूळ घराणं कोणतं, हा वाद जुना. चिली-अर्जेंटिनातल्या डिप्लोमिस्टिड माशांच्या वरच्या जबड्याच्या हाडावर अजून दात आहेत, जे बाकी कुणात उरले नाहीत. म्हणून हाडं बघणारे म्हणायचे, सगळ्यात आधी फुटलेली फांदी हीच. २००६ साली रॅग-१ आणि रॅग-२ ही दोन जनुकं तुलनेला घेतली तेव्हा निकाल उलटा आला : आधी फुटली ती सकरची फांदी. त्याच अभ्यासात आशियातली बरीच कुटुंबं एका मोठ्या फांदीवर आली आणि आफ्रिकेतली दुसऱ्या.

मला सगळ्यात भावतो तो मेक्सिकोतला लाकांटुनिया. चियापासमधल्या नदीत सापडलेल्या या माशाचं नामकरण २००५ साली झालं. शेजारपाजारच्या कुठल्याच माशाशी त्याचं जुळेना. दोन वर्षांनी डीएनए तपासला, तर सोयरे निघाले थेट आफ्रिकेत! कोट्यवधी वर्षांपूर्वी ताटातूट झालेली ही माणसं... मासे म्हणायचं होतं, पण राहू दे.

प्रश्न : मी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी आहे. इंदूरजवळ असं काही करता येईल?

याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही! महूजवळच्या जानापावचा डोंगर आठवा. एका उतारावरचं पाणी चंबळेतून यमुनेला आणि गंगेला जातं, दुसऱ्या बाजूचं चोरल नदीतून नर्मदेला आणि पुढे खंभातच्या आखाताला. मधे फक्त डोंगराची एक धार. दोन्हीकडचे टेंगरे (हेही मिशीवालेच) किंवा मांगूर घेऊन डीएनए ताडून बघायचा. ताटातूट किती जुनी त्याचा अंदाज येतो.

मासा मारायची गरज नाही. पराचा नखाएवढा तुकडा कापा आणि ९५ टक्के मद्यार्कात ठेवा. फॉर्मलीनमध्ये अजिबात नको, डीएनए खराब होतो. नदी, गाव आणि तारीख कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहून बाटलीच्या आतच टाका. मद्यार्कात शाई धुऊन जाते.