मूठ नसलेलं शटर उघडायचं कसं?

चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की गोव्यातल्या घराघरांत कपाटं रिकामी होतात, आणि वर्षभर सोसलेल्या दारांच्या तक्रारी तेव्हा बोलून दाखवल्या जातात. यंदाचे बहुतेक प्रश्न मूठ किंवा हँडल नसलेल्या शटरचे, म्हणजे कपाटाच्या दारांचे आहेत.

प्रश्न : सुताराने स्वयंपाकघरातल्या कपाटांना पुश लॅच (दाबल्यावर दार पुढे ढकलणाऱ्या खटक्या) बसवले. शटर दाबलं की जरासं पुढे येतं आणि लगेच परत मिटतं. लॅच खराब निघाले का? (म्हापसा)

बहुधा लॅच चांगले आहेत, चूक बिजागरीची आहे. आजकालच्या कप बिजागरीत (शटरच्या आतल्या गोल खाचेत बसणाऱ्या) शटर आपोआप मिटवणारी स्प्रिंग असते. लॅच शटरला पुढे ढकलतो आणि स्प्रिंग त्याला मागे ओढते. पुश लॅचला बिनस्प्रिंगची बिजागरी लागते. मिटलेलं शटर धरून ठेवायचं काम लॅचमधलं चुंबक करतं. पैसे लॅचवर पुन्हा घालू नका, बिजागऱ्या बदला.

दुसरी गोष्ट फटीची. लॅचला दाबायला जागा हवी, म्हणून मिटलेलं शटर आणि खोका (कपाटाचा सांगाडा) यांच्यात दोन-तीन मिलिमीटर फट लागते. आगपेटीची काडी त्या फटीतून न अडखळता सरकली पाहिजे. मे महिन्यात बसवलेलं शटर जुलैत फुगून किंवा वाकून ही फट खातं, आणि मग कितीही दाबलं तरी लॅचची कळ सुटत नाही.

प्रश्न : अ‍ॅल्युमिनियमच्या प्रोफाइलचा (बोट घालायला खाच असलेल्या पट्टीचा) खर्च झेपत नाही. सुतार ओळखीचा आहे, सांगाल ते करून देईल. काय करून घेऊ? (फोंडा)

तुमचा सुतार ऐकणारा आहे, म्हणजे अर्धं काम झालं. वरच्या कपाटांना काहीही लावू नका. शटर खोक्याच्या तळापेक्षा 20 मिलिमीटर खाली येईल एवढं लांब कापून घ्या. खालून बोटं घातली की उघडलं.

खालच्या कपाटांना डोकं लावावं लागतं, कारण वर ओट्याचा ग्रॅनाइट असतो. ओट्याखाली 25 ते 30 मिलिमीटर फट सोडा आणि शटरची वरची कड आतून 45 अंशांत तासून घ्या. एक गोष्ट सुतार हमखास विसरतो : खोक्याची पुढची आडवी पट्टी 40 मिलिमीटर मागे घ्यायला हवी. ती जागेवरच राहिली, तर बोट फटीत शिरतं पण वळत नाही, आणि शटर नखांनी ओढावं लागतं.

प्लाय नुसता तासू नका. उघडे पडलेले थर पाणी पितात. आधी कडेला सागाची 25 मिलिमीटर रुंद पट्टी चिकटवा, ती सुकू द्या, मग तासा. पॉलिश पेपर फिरवल्यावर स्वतःचं बोट कडेवरून एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत न्या. कुठे टोचलं तर तिथे पुन्हा घासा, रोज पन्नास वेळा तिथेच हात जाणार आहे. एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी) मात्र ओट्याखाली नकोच. तो एकदा पाण्याने फुगला की परत बसत नाही.

आणि लाकूड कापण्याआधी पुठ्ठ्याचा नमुना करून घरातल्या सगळ्यांना उघडून बघायला सांगा. खोबऱ्याच्या वाटणाने हात माखलेला असताना शटर कुठे धरलं जातं, ते तेव्हाच कळतं.

प्रश्न : इंटरनेटवर चामड्याच्या पट्ट्यांची सुंदर हँडलं बघितली. घरी करता येतील? घर समुद्राजवळ आहे. (पेडणे)

करायला सोपी आहेत, पण आपल्या पावसात चामड्याला बुरशी धरते. काथ्याची दोरी तेलकट होते आणि तिचे तंतू सुटतात. माझी पसंती जाड विणीच्या नायलॉन दोरीला : मासेमारीचं सामान मिळतं तिथे ती मिळते, आणि खाऱ्या हवेचं तिला काही होत नाही. शटरला 8 मिलिमीटरची दोन भोकं पाडा, आत वार्निश सोडा, दोरी ओवून मागे गाठी मारा. भोकं कडेपासून निदान 40 मिलिमीटर आत हवीत, नाहीतर गाठ खोक्याच्या कडेवर आपटते आणि शटर मिटत नाही. दर्शनी बाजूला दोरीत करवंटीची घासलेली चकती ओवली तर फार देखणी दिसते. कपाटाचे स्क्रू स्टेनलेसचे घ्या. किनाऱ्यावर स्टेनलेसच्या 304 प्रतीपेक्षा 316 प्रत टिकते.

प्रश्न : नातू दीड वर्षाचा आहे. पुश लॅच लावू का? (डिचोली)

नको. दाबलं की उघडतं हे मुलाला एका दिवसात कळतं. शटरच्या आत बसणारं, बाहेरून चुंबक टेकवल्यावरच सुटणारं कुलूप मिळतं, ते विकतच घ्या. औषधं आणि फिनाइल तरीही उंचावरच ठेवा.

प्रश्न : आजोबांच्या शिसवी कपाटाला मूठच नाही, किल्ली धरूनच ओढतो. पावसात दार अडकलं आणि किल्ली वाकली. नवं हँडल ठोकू का? (मडगाव)

कृपा करून भोक पाडू नका. जुन्या कपाटांत किल्ली हीच मूठ असायची, पण ती मोकळ्या दारासाठी. पावसाळ्यात लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं. अखंड फळीचं 400 मिलिमीटर रुंद दार दोन-तीन मिलिमीटरही वाढू शकतं. आत्ता रंधा मारलात तर उन्हाळ्यात फट पडेल. तूर्त दार घासतं तिथे कडेला मेणबत्ती चोळा. किल्लीला धरून नव्हे, तर खालच्या कडेत बोट घालून ओढा. खाली बोट जात नसेल, तर सुती फितीचं एक टोक दाराच्या वरच्या कडेवरून आत टाकून आतून दोन टाचण्यांनी अडकवा आणि तिला धरून ओढा. रंध्याचं डिसेंबरात बघू, तेव्हा घासलेली जागा पेन्सिलीने खुणा करून ठेवलेली असली म्हणजे झालं.