वर्षानुवर्षे रासायनिक खत टाकलेल्या जमिनीत जिवाणू उरतात का?

उरतात, आणि बऱ्याचदा भरपूर उरतात. माती परीक्षणाच्या कामात "युरियानं जमीन मेली" हे मी सतत ऐकतो. त्यात तथ्य आहे, पण दोष भलत्याच ठिकाणी शोधला जातो.

युरियाचा दाणा विरघळला की मातीतल्या युरिएज या विकरामुळे (एन्झाइममुळे) त्याचा अमोनिया होतो. दाण्याभोवतीच्या चिमूटभर मातीत सामू (pH; तो जितका कमी तितकी माती आम्ल) चढतो आणि तिथले काही जीव मरतातही. आजूबाजूच्या मातीतून ती जागा लवकरच भरून निघते, त्याचं फार मनावर घेऊ नका. खरं दुखणं पुढे आहे. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू अमोनियमवर जगतात. त्यापासून नायट्रेट होताना आम्लता सुटते. चुनखडीच्या जमिनीत ती जिरते, हलक्या, चुना कमी असलेल्या जमिनीत साचत जाते. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेडला १८५६ पासून गवताच्या कुरणावर खतांचा प्रयोग चालू आहे. तिथे चुना न देता सतत अमोनियम सल्फेट दिलेल्या तुकड्यांत सामू ४ च्या खाली गेला, गांडुळं नाहीशी झाली आणि मेलेलं गवत न कुजता थरच्या थर साचलं.

उलट, हंगामी पिकांवरच्या ६४ दीर्घकालीन प्रयोगांचा आढावा २०१४ मध्ये निघाला. खत दिलेल्या मातीत सूक्ष्मजीवांचं वस्तुमान खत न दिलेल्या मातीपेक्षा सरासरी १५ टक्के जास्त भरलं. कारण साधं आहे: पीक जोमात आलं की मुळं, धसकटं जास्त, म्हणजे जिवाणूंना खायला कर्ब (कार्बन) जास्त. सामू ५ च्या खाली गेलेल्या जमिनींत मात्र ते घटण्याकडेच कल होता.

झाडाशी देवाणघेवाण करून जगणाऱ्यांची गोष्ट वेगळी. नत्र (नायट्रोजन) आयतं मिळालं की कडधान्याचं झाड हवेतलं नत्र धरणाऱ्या रायझोबियम जिवाणूंच्या मुळांवरच्या गाठींवर साखर खर्च करत नाही, गाठी कमी धरतात. स्फुरद (फॉस्फरस) मुबलक असलं की ते झाडाला पुरवणाऱ्या मायकोरायझा बुरशीलाही मुळं फारशी थारा देत नाहीत. त्यामुळे स्फुरद आधीच जास्त असलेल्या जमिनीत या बुरशीची पाकिटं विकत घेणं मला तरी पैसे वाया घालवणं वाटतं.

तुमच्या जागी मी आधी सामू आणि सेंद्रिय कर्ब तपासून घेईन. सामू ५.५ च्या खाली असेल तर शिफारशीप्रमाणे चुना द्या आणि अमोनियम सल्फेट वापरत असाल तर ते थांबवा. तेवढ्याच नत्रामागे ते युरियापेक्षा जास्त आम्लता करतं. सामू ठीक असून कर्ब कमी निघाला तर खत बंद करण्याआधी धसकटं जाळणं बंद करा.