एचआयव्हीचं निदान इतकं उशिरा का झालं, आणि नोकरीचं काय

तुमच्या भावाचं वय ४८, वर्षभरात तीन डॉक्टर झाले, आणि न्यूमोनियाने अॅडमिट केल्यावर एचआयव्ही कळला, तेव्हा सीडी४ (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींची रक्तातली संख्या) फक्त ९०. कोणालाच कसं कळलं नाही आणि नोकरी सोडावी लागेल का, असं तुम्ही विचारलंय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: राजीनामा अजिबात नको, रजा टाका.

संसर्गानंतर २ ते ४ आठवड्यांत बऱ्याच जणांना ताप, घसादुखी, पुरळ येतं आणि आपोआप जातं. साधं व्हायरल म्हणून कोणी लक्षातही ठेवत नाही. पुढे उपचार नसतानाही सरासरी ८ ते १० वर्षं माणूस धडधाकट दिसतो, आत मात्र सीडी४ घसरत असतात. ३५० च्या खाली निदान झालं तर ते उशिराचं, २०० च्या खाली म्हणजे आजार बराच पुढे गेलेला.

मधल्या काळात खुणा दिसतात, पण प्रत्येक खूण वेगळ्या दवाखान्यात जाते. नागीण त्वचेच्या डॉक्टरांकडे, तोंडातली पांढरी बुरशी दाताच्या, महिनाभराचे जुलाब पोटाच्या. प्रत्येकाचं औषध लागू पडतं आणि शोध तिथेच थांबतो. त्यात ‘सगळं रक्त तपासलं’ हा गैरसमज. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), साखर, थायरॉइड यांत एचआयव्ही येत नाही, ती तपासणी वेगळी लिहून द्यावी लागते. पन्नाशीकडे आलेल्या संसारी माणसाला ती सुचवायला डॉक्टरच अवघडतात. माझ्या मते रुग्णाच्या लाजेपेक्षा हा संकोच जास्त नडतो. काही जण फार लवकर तपासून निर्धास्त होतात. संसर्गाची शक्यता घडल्यापासून प्रयोगशाळेतल्या चौथ्या पिढीच्या (विषाणूचा अंश आणि अँटीबॉडी दोन्ही शोधणाऱ्या) टेस्टला ४५ दिवस, बोटातल्या रक्ताच्या झटपट टेस्टला ९० दिवस जाऊ द्यावे लागतात. वहिनींची तपासणी झाली नसेल तर या आठवड्यातच करा.

आता काम. भावाचा न्यूमोनिया पीसीपी (प्रतिकारशक्ती घटल्यावर होणारा बुरशीचा न्यूमोनिया) असेल तर कोट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक मोठ्या डोसमध्ये २१ दिवस, आणि जिना चढताना लागणारी धाप त्यानंतरही काही आठवडे राहते. एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, साधारण दोन आठवड्यांच्या आत सुरू करतात. खरी गोची पुढे आहे. काही जणांत प्रतिकारशक्ती जागी होताच ती दबलेल्या जंतूंवर तुटून पडते, त्याला आयआरआयएस म्हणतात. पुन्हा ताप, गाठी, धाप. घाईने कामावर गेलेला माणूस महिन्याभरात परत रजेवर येतो आणि साहेबांच्या डोळ्यांवर येतो. म्हणून सुरुवातीलाच दोन-तीन महिन्यांचा हिशेब धरा. व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण) लवकर उतरतो, पण ९० वरून सीडी४ वर यायला वर्षं लागू शकतात. टेबलावरच्या कामासाठी तेवढं थांबायची गरज नसते.

ऑफिसला डिस्चार्ज कार्डची झेरॉक्स देऊ नका, त्यावर निदान छापलेलं असतं. डॉक्टरांकडून वेगळं सर्टिफिकेट घ्या: ‘फुफ्फुसाच्या गंभीर संसर्गावर उपचार चालू, अमुक तारखेपर्यंत विश्रांती, नंतर चार आठवडे हलकं काम.’ हे खरंही आहे आणि पुरेसंही. विम्याचे कागद ऑफिसमार्फत जात असतील तर ते कोणाच्या हातात पडतात ते आधी विचारा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची २०१० ची २०० क्रमांकाची शिफारस सांगते की नोकरीसाठी एचआयव्ही टेस्टची किंवा स्वतःची स्थिती सांगण्याची सक्ती असू नये. कायदा मात्र देशागणिक बदलतो, तो तपासा.

एआरटीत डोल्युटेग्राव्हिरची गोळी असेल आणि झोप उडत असेल तर डॉक्टरांना विचारून ती सकाळी घ्या. अॅसिडिटीचं अँटासिड गोळीनंतर २ तासांनी किंवा गोळीआधी ६ तास. एफाव्हिरेन्झ हे एआरटीचं औषध असेल तर पहिले काही आठवडे चक्कर येऊ शकते, तेव्हा ड्रायव्हिंग आणि उंचावरचं काम टाळा. कामानिमित्त परदेशी जायचं झालं तर सीडी४ २०० च्या खाली असताना पिवळ्या तापाची लस चालत नाही, ती जिवंत विषाणूंची असते. कबुतरांची विष्ठा साचलेल्या गोदामातली साफसफाईही तोवर दुसऱ्या कोणाकडे द्यावी.