नवतपात कटलफिश? भाऊ, जरा थांबा

प्रश्न : ताई, आमच्याकडे तीन फुटी टँक आहे, चार वर्षांपासून गोल्डफिश आहेत. पोरानं मोबाईलवर ड्वार्फ कटलफिश (ऑक्टोपसच्या जातकुळीतला छोटा समुद्री प्राणी) पाहिला न् तेव्हापासून डोकं खाल्लंय. बाहेरगावचा एक दुकानदार मेच्या शेवटी पाठवतो म्हणतोय. याच टँकमधे मीठ घालून ठेवला तर चालेल का? मागे गोल्डफिशला पांढरे ठिपके आले होते, निळं औषध टाकल्यावर गेले, त्यानंतर काही प्रॉब्लेम नाही. – एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : भाऊ, आधी ती निळ्या औषधाची बाटली शोधा. मिथिलिन ब्लू असेल तर ठीक, पण मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, असेल तर तो टँक कटलफिशसाठी बादच समजा, कारण तांबं सिलिकॉनमधे, दगडात, वाळूत मुरून बसतं न् हळूहळू पाण्यात उतरत राहतं. गंमत बघा, या प्राण्याच्या स्वतःच्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं द्रव्य तांब्याचंच असतं, म्हणून रक्त निळसर, पण पाण्यात जरासं तांबं आलं की हाच मरतो. बाटली सापडलीच नाही तर सरळ नवीन टँक घ्या न् गोल्डफिशला त्यांच्या घरात सुखानं राहू द्या.

आता मेच्या शेवटी म्हणजे बरोब्बर नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस! कटलफिशला पाणी लागतं 24 ते 26 डिग्री, न् आपल्याकडे रात्री बारालासुद्धा घरातलं पाणी त्याच्या वर असतं. चिलर, म्हणजे टँकचं पाणी थंड करणारं मशीन, लागेलच. सुरुवातीला मीपण कंजूसपणा करून क्लाउनफिशच्या टँकवर नुसता टेबलफॅन लावला होता, कोरड्या हवेत पाणी उडतं न् थंड होतं, आपल्या कूलरचंच तत्त्व, दोन-तीन डिग्री उतरायचे आरामात. पण पाणी उडतं, मीठ नाही उडत ना! मी शहाणी, कमी झालं की वरून खारंच पाणी ओतायची. आठवड्यानं खारेपणा मोजणारा हायड्रोमीटर बुडवला तर काटा 1.025 चा 1.030 वर. तेव्हा लक्षात ठेवा, उडालेल्या पाण्याची भर साध्या आरओच्या पाण्यानंच करायची, मीठ फक्त पाणी बदलताना, लिटरला साधारण 35 ग्रॅम, म्हणजे 120 लिटरच्या टँकला पहिल्यांदा सव्वाचार किलो. तेही अ‍ॅक्वेरियमवाल्यांचं मरीन सॉल्ट, किराण्यातलं खडेमीठ नाही. न् जुलै लागला की फॅनचा खेळ संपला, पावसाळ्यात कूलर जसा नुसता चिकचिक करतो तसंच. लाइट गेली तर बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ असू द्या.

टँक भरला की लगेच प्राणी आणायचा नाही, निदान दोन-तीन महिने तो पिकू द्या, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू त्यात तयार होऊ द्या. घाणीतून होणारे विषारी अमोनिया न् नायट्राइट शून्यावर आले पाहिजेत, मासे थोडंफार सहन करतात, हा करत नाही. आणि हा शाई सोडतो. घाबरला की सगळं पाणी काळं, म्हणून प्रोटीन स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र) न् कार्बन (पाणी गाळायचा कोळसा) हवाच. प्रवासातल्या पिशवीत शाई सोडली तर बिचारा त्यातच गुदमरू शकतो, आता विचार करा उन्हाळ्यात नागपूरपर्यंतचा प्रवास. सजावटीला खरं पोवळं कोणी देत असेल तर घेऊ नका बरं, 1972 च्या वन्यजीव कायद्यात पोवळ्यांना संरक्षण आहे.

सगळ्यात मोठी कटकट खाण्याची. मोठा कटलफिश सवय लावली तर फ्रोझन कोळंबी घेतो, चिमट्यात धरून हलवायची, मग तो रंग पालटत हळूच जवळ येतो, पुढचे दोन हात वर करून एकटक बघतो न् पापणी लवायच्या आत दोन लांब शुंडा सुटून कोळंबी गायब! हे एकदा पाहिलं की पोराचं काय चुकलं असं वाटत नाही. पण अंड्यातून निघालेल्या पिल्लांना बारीक जिवंत मायसिड (कोळंबीसारखे इवलेसे समुद्री जीव) लागतात, नुसत्या आर्टिमियावर (माशांच्या पिल्लांना देतात ते खाऱ्या पाण्यातले बारीक जीव) ती नीट वाढत नाहीत. तलावातले गोड्या पाण्यातले झिंगे कधीमधी ठीक, रोजचं जेवण म्हणून नाही. जिवंत खाणं नियमित मिळायची सोय आधी करा, प्राणी मग.

आणि पोराला आत्ताच सांगून ठेवा, हा जगतो जेमतेम एक वर्ष, पुष्कळदा त्याहून कमी. दुकानदार मोठा पकडलेला देत असेल तर त्याचं अर्धं आयुष्य आधीच गेलेलं असू शकतं. टँकमधेच वाढवलेल्यांची अंडी मिळाली तर ती घ्या, शाईनं काळी झालेली, द्राक्षाच्या घडासारखी. तोवर दिवाळी येईल, हवा थंड, टँकही पिकलेला.

प्रश्न : आमच्या लव्हबर्डच्या पिंजऱ्यात पांढरं समुद्रफेन लावलंय, ते खरंच समुद्राचा फेस असतो का? – एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : नाही हो काकू, ते कटलफिशच्याच पाठीतलं कवच! आडवं कापून बघा, पापडाच्या लाटीपेक्षाही पातळ थर दिसतील, मधे बारीक कप्पे. त्या कप्प्यांत हवा न् पाणी कमी-जास्त करून तो पोहता पोहता पाण्यात अधांतरी थांबतो. तुमच्या पक्ष्यांना त्यातून कॅल्शियम मिळतं न् चोचही घासली जाते, तेवढं मऊ बाजू आतल्या अंगाला ठेवून बांधा.